दोन नंबरचा होल्ड

कराची, १९४४च्या एप्रिलचा पहिला आठवडा

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला ब्रिटनमधल्या बर्कनहेडहून निघालं, तेव्हा त्याच्या पोटात १,३९५ टन युद्धसाहित्य होतं. तोफगोळे, सुरुंग, पाणतीर, दारूगोळा. त्यातली २३८ टन स्फोटकं अत्यंत संवेदनशील वर्गातली होती. स्पिटफायर विमानांचे खोके होते. शिवाय ३१ पेट्यांमध्ये प्रत्येकी चार अशा सोन्याच्या १२४ विटा होत्या. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे एकाच जहाजात हे सगळं कोंबण्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

खरा घोळ कराचीत झाला. तिथे थोडा माल उतरला आणि रिकाम्या जागेत मिळेल ते भरलं गेलं: कापसाच्या हजारो गाठी, वंगणाची पिंपं, लाकूड, गंधक, राळ, तांदूळ, भंगार आणि माशांचं खत. कॅप्टन अलेक्झांडर नेस्मिथ यांना हा माल पसंत नव्हता. पण रेल्वेवर सैन्याचा ताण होता, मुंबईला माल पोचवायला दुसरी सोय नव्हती, आणि युद्धकाळात जहाजातली एक फूट जागाही रिकामी ठेवायची नाही असा दंडक होता.

दोन नंबरचा होल्ड म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागातला, माल भरायचा खोल कोठा. त्याच्या तळाला कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं. पुढचं सगळं या रचनेनं ठरवलं. कापसाची गाठ घट्ट दाबलेली असते. बाहेरून विझली तरी आत धुमसत राहते, आणि पाण्यात टाकली तर तरंगते. हा तिसरा गुण लक्षात ठेवायचा.

१२ एप्रिल, मुंबई. उरले सुमारे दोन दिवस

जहाज व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागलं. शांततेच्या काळात असल्या जहाजाला गोदीत घेतच नसत. स्फोटकं बाहेर, बंदराच्या मोकळ्या पाण्यात पडावांत उतरवायची आणि मग जहाज आत आणायचं, असा रिवाज होता. युद्धात तो गुंडाळून ठेवला गेला. धोकादायक माल असेल तर जहाजानं लाल बावटा चढवावा, असाही नियम होता. सागरी संकेतांत त्या लाल बावट्याला ‘ब्राव्हो’ म्हणतात. फोर्ट स्टिकिनवर तो नव्हता. शत्रूला आयतं निशाण कशाला दाखवायचं, हा त्या काळचा विचार, आणि तो अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही. पण बावटा शत्रूसाठी नसतोच. तो शेजारच्या जहाजासाठी, क्रेनवाल्यासाठी, गोदीत शिरणाऱ्या हमालासाठी आणि बंबवाल्यासाठी असतो. त्यांतल्या एकालाही दोन नंबरच्या होल्डात काय आहे ते बाहेरून कळायची सोय राहिली नाही.

गोदी भरलेली होती. शेजारच्या प्रिन्सेस गोदीतही जहाजं दाटीनं उभी होती, आणि भिंतीपलीकडे मस्जिद बंदर, मांडवी, धान्याची कोठारं, चाळी.

१३ एप्रिल. उरला एक दिवस

आधी बाहेर काढायचा तो दुर्गंधी सुटलेला माल, म्हणजे माशांचं खत. मग लाकूड. स्फोटकं धक्क्यावर टाकता येत नाहीत, त्यांना पडाव लागतात, आणि पडाव वेळेवर मिळेनात. जहाजाचं इंजिनही दुरुस्तीसाठी खोललेलं होतं. धक्क्याला चार दिवस पडून राहायचं आहे तर तेवढ्यात हेही काम उरकून घेऊ, असा व्यवहारी हिशेब. त्याचा परिणाम असा की त्या क्षणापासून जहाज स्वतःच्या बळावर वीतभरही हलू शकत नव्हतं. स्फोटकांनी भरलेलं जहाज धक्क्याला असताना इंजिन खोलायला ‘नाही’ म्हणणारा कुणी तरी हवा होता. असा माणूस गोदीच्या कारभारात कुठे बसतो, हे मला कितीही वाचून सापडलेलं नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी साडेबारा. उरले ३ तास ३६ मिनिटं

जेवणाची सुट्टी. हमाल होल्डातून वर आले. कोकणातली, घाटावरची माणसं, सावली शोधून डबे उघडून बसली. याच सुमाराला आसपासच्या जहाजांवरल्या काही जणांना फोर्ट स्टिकिनच्या एका वायुवीजन नळातून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. दिसली आणि सोडून दिली. ज्यांचं जहाज त्यांना ठाऊक असेलच की, असं प्रत्येकाला वाटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर लाल बावटा असता तर हीच रेघ इतकी सहज सोडून दिली असती का?

आग कशी लागली याचा पुरावा कधीच मिळाला नाही. होल्डात कुणीतरी विडी-सिगारेट ओढली असावी, हा सर्वांत संभवनीय तर्क.

पावणेदोन. उरले २ तास २१ मिनिटं

दीडला सुट्टी संपली, हमाल पुन्हा उतरले आणि त्यांना तळाच्या गाठींमधून धूर येताना दिसला. आरडाओरडा झाला, सगळे वर आले. जहाजाजवळ खबरदारी म्हणून ठेवलेल्या बंबाच्या माणसांनी पाण्याचे पाईप आत सोडले. धूर इतका दाट की कुठल्या गाठी जळताहेत ते दिसेना. पाणी मारायचं ते अंदाजानं.

सव्वादोन. उरले १ तास ५१ मिनिटं

बंबावरचा माणूस मुख्यालयाला नेमकी परिस्थिती कळवायला टेलिफोनकडे धावला. फोननं काम केलं नाही. मग त्यानं धोक्याच्या घंटेची काच फोडली. काच फोडली की फायर ब्रिगेडला एवढंच कळतं: अमुक ठिकाणी आग. जहाजावर आग आहे, ते जहाज स्फोटकांचं आहे, हे ती घंटा सांगू शकत नाही. म्हणून साध्या आगीला जातात तसे दोन बंब निघाले. स्फोटकं आहेत हे समजल्यावर आणखी पाठवले गेले. ब्रिगेडचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज स्वतः आले.

अडीच ते तीन. उरला तास-दीड तास

आता धक्क्यावर जाणकारांची कमतरता नव्हती. आणि नेमका इथेच वेळ वाया गेला.

ऑर्डनन्स कोअरचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहिली आणि सांगितलं, जहाज बुडवा, नाहीतर सगळी गोदी जाईल. पण बुडवायचं कसं? गोदीत जहाजाच्या तळाखाली पाणी जेमतेम. जहाज तळाला टेकलं असतं तरी वरच्या मजल्यावरची स्फोटकं कोरडीच राहिली असती. गोद्यांचे जनरल मॅनेजर कर्नल सॅडलर यांचं म्हणणं, बाहेर समुद्रात ओढून न्या. पण इंजिन खोललेलं, बोटींनी ओढून अरुंद दारातून काढायला वेळ लागणार, आणि जहाज हललं की पाण्याचे पाईप तुटणार. कूम्ब्ज पाणी मारत राहिले, कारण आगवाल्याला तेवढंच येतं आणि तेवढंच करायला पाठवलेलं असतं.

तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. तिघांपैकी एकालाही दुसऱ्याला हुकूम द्यायचा अधिकार नव्हता. कॅप्टन नेस्मिथ आपल्या जहाजाचे धनी, पण गोदी त्यांची नव्हे. सॅडलर गोदीचे, पण जहाज त्यांचं नव्हे. ओबर्स्ट सैन्याचे, माल सैन्याचा, पण ना जहाज त्यांचं ना गोदी. नेस्मिथ सगळ्यांचं ऐकत राहिले.

त्यांना दोष देणं सोपं आहे. पण चालू धक्क्यावर हीच अडचण आजही असते आणि ती सर्वांत स्वच्छ दिसते पाणबुड्यांच्या कामात. जहाजाच्या पंख्यात दोर अडकला, तळ तपासायचा आहे, धक्क्याचा खांब पाहायचा आहे, असं काही निघालं की पाणबुड्या उतरतो. मालवणच्या पाण्यात हौसेनं स्कूबा करणं वेगळं. मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात उतरलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसेल याची खात्री नसते, आणि चालू धक्क्यापाशी बंदराच्या परवानगीशिवाय उतरायचंच नसतं. तो उतरण्याआधी वरती बरंच काही थांबवावं लागतं. जहाजाचा पंखा आणि सुकाणू बंद, समुद्राचं पाणी आत ओढणारी तोंडं बंद, आजूबाजूच्या बोटींना सूचना, निळा-पांढरा ‘अल्फा’ बावटा वर. मग इंजिनरूममधल्या नियंत्रणावर पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा टॅग लटकतो: ‘खाली पाणबुड्या आहे, चालू करू नये.’ खाली सही आणि वेळ. हा टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. जहाजाचा कॅप्टन आला, बंदराचा अधिकारी आला, मालाच्या मालकाचा फोन आला, तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तेवढा वेळ, तेवढ्या जागेपुरता, सगळ्या साहेबांवरचा साहेब ठरलेला असतो.

तो ठरलेला नसेल, किंवा चुकीचा ठरला, तर काय होतं ते त्रिनिदादनं २५ फेब्रुवारी २०२२ला पाहिलं. पॉइंट-आ-पियेरच्या तेलबंदरात सहा नंबरच्या धक्क्यापाशी ३० इंची तेलवाहिनीवर काम करणारे पाच पाणबुडे आत-बाहेरच्या दाबाच्या फरकानं नळात ओढले गेले. एक जण काही तासांनी कसाबसा तोंडाशी आला. बाकीचे आत जिवंत आहेत, असं तो सांगत होता. साथीदार उतरायला तयार होते. धक्क्याची मालक असलेल्या पारिया कंपनीनं उतरू दिलं नाही. चौघे गेले. चौकशी आयोगानं कंपनीवर कडक ताशेरे ओढले. मुंबईत १९४४ला हुकूम द्यायला कुणी नव्हतं. त्रिनिदादला हुकूम देणारा होता, पण त्याच्याकडे सुटकेची तयारी नव्हती.

तीन ते पावणेचार. उरला जेमतेम तासभर

जहाजाच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर एक जागा तापून रंगाला फोड येऊ लागले. म्हणजे आगीचं ठिकाण सापडलं. तिथे भोक पाडून थेट पाणी मारायचं ठरलं, गॅसकटर मागवला. तो आला आणि चालला नाही.

तोवर पाईपांनी ९०० टनांहून जास्त पाणी होल्डात ओतलं होतं. ते उकळत होतं. आणि आता कापसाचा तिसरा गुण उपयोगी पडला, उलट्या बाजूनं. पाणी चढू लागलं तशा जळत्या गाठी त्यावर तरंगत वर आल्या, स्फोटकांच्या मजल्याकडे. आग विझवायला ओतलेलं प्रत्येक टन पाणी आगीला जिना चढवत होतं. हे कुणाला कळलं असेल का? धुरात काही दिसत नव्हतं, आणि पाणी थांबवा असं बंबवाल्यांना सांगण्याची छाती कुणाची?

गोदीतली बाकीची कामं मात्र चालू होती. इतर जहाजांवर माल चढत-उतरत होता. गोदी रिकामी करा, असा हुकूम सुटला नाही. बघ्यांची गर्दी वाढली.

तीन पन्नास. उरली १६ मिनिटं

होल्डाच्या तोंडातून ज्वाळा उसळली. जहाज सोडा, असा हुकूम झाला. खलाशी उतरले. बंबवाले मात्र धक्क्यावरून पाणी मारत राहिले. नेस्मिथ आणि त्यांचे मुख्य अधिकारी मागे राहिले होते, कुणी अडकलं नाही ना ते बघायला. ते दोघे पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

चार वाजून सहा मिनिटं

जहाजाचे दोन तुकडे झाले. शेजारच्या धक्क्यावरचं ‘जलपद्म’ हे सिंदिया कंपनीचं जहाज पाण्यातून उचललं गेलं आणि त्याचा मागचा भाग गोदामाच्या छपरावर जाऊन बसला. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांची तावदानं फुटली. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर रेघ उमटली, आणि दूर सिमल्यालाही हादऱ्याची नोंद झाली.

आवाज ८० किलोमीटरपर्यंत गेला. आमची नवी मुंबईतली रोडपाली व्हिक्टोरिया गोदीपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, म्हणजे त्या वर्तुळात पुरती आत. तेव्हा इथे सिडको नव्हती, कळंबोलीचं पोलाद मार्केट नव्हतं, तळोज्याची एमआयडीसी नव्हती. भातखाचरं आणि खाडी होती. पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू व्हायला १९८९ उजाडावं लागलं. आता त्या बंदराकडे जाणारे टँकर रोडपालीच्या सिग्नलला थांबतात तेव्हा त्यांच्या पाठीमागची पाटी वाचता येते: लाल समभुज चौकोन, त्यात ज्वालेचं चित्र, तळाच्या कोपऱ्यात ३ हा आकडा, बाजूला चार आकडी नंबर. १२०३ असेल तर पेट्रोल. टँकर पेटला तर ड्रायव्हर शुद्धीवर असो वा नसो, बंबवाल्याला दुरूनच समजतं की आत काय आहे आणि पाणी मारायचं की फेस. सव्वादोनला काच फोडणाऱ्या माणसाकडे सांगायला जे साधन नव्हतं, ते या पत्र्याच्या तुकड्यावर आहे. अर्थात पाटी खरी असेल तर. वरचा चिखल कुणी पुसत नाही, हेही रोजच दिसतं.

चार चौतीस

पहिल्या स्फोटानंतर जे मदतीला धावले ते २८ मिनिटांनी दुसऱ्यात सापडले. हा स्फोट आणखी मोठा होता आणि तो वरच्या दिशेनं गेला. जळत्या कापसाच्या गाठी, लालबुंद पत्रे, वंगणाची पेटती पिंपं मस्जिद बंदर आणि मांडवीवर बरसली. जवळजवळ दोन चौरस किलोमीटर भाग पेटला. धान्याची कोठारं जळाली. गोदीतली अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायच्या वाटेवर होती. बर्कनहेडहून आलेल्या सोन्याची एक वीट मैलभर उडून एका पारशी कुटुंबाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्या गृहस्थांनी ती सरकारकडे जमा केली.

फायर ब्रिगेडची ६६ माणसं गेली. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो यासाठी.

१५ एप्रिल आणि पुढे

आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. जगाला बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं, दुसऱ्याच दिवशी. इथल्या वृत्तपत्रांवरची सेन्सॉरची पकड मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सैल झाली. ज्यांच्या घरातला माणूस त्या शुक्रवारी कामावर गेला होता त्यांनी ते आठवडे अफवांवर काढले. सुमारे सहा हजार पेढ्या-कंपन्यांना झळ बसली, पन्नास हजार लोकांचा रोजगार गेला.

मग उपसणं सुरू झालं. ८,००० माणसं सात महिने राबली, पाच लाख टन ढिगारा निघाला आणि गोद्या पुन्हा चालू झाल्या. जहाजांचे सांगाडे पाण्याखाली होते, न फुटलेले गोळे गाळात.

तसल्या पाण्याशी गाठ कशी असते ते याच बंदरात, थोडं दक्षिणेला, १४ ऑगस्ट २०१३च्या मध्यरात्रीनंतर नौदलाच्या पाणबुड्यांनी अनुभवलं. धक्क्याला लागलेली ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडी स्फोट होऊन तिथेच बुडाली, आत अठरा जण होते. उष्णतेनं झाकणं वाकडी झालेली, आत तेलकट काळं पाणी, प्रखर दिव्यांचा उपयोग नाही, शिड्या पिळवटलेल्या, पत्र्यांना धार आलेली. जागा इतकी अरुंद की एका वेळी एकच पाणबुड्या आत शिरू शकत होता. पहिले मृतदेह हाती लागायला ३६ तास अखंड बुड्या माराव्या लागल्या. त्या पाणबुडीवरही पाणतीर होते आणि ती मोहिमेसाठी सज्ज होती. धक्क्याला उभं असलेलं भरलेलं शस्त्र, हे १९४४चंच चित्र, फक्त कापूस नव्हता.

व्हिक्टोरिया गोदीच्या गाळातून सोन्याच्या विटा अगदी १९७०च्या दशकापर्यंत अधूनमधून निघत राहिल्या. त्या विटांचा आकडा नेमका आहे: १२४. माणसांचा नाही. काही नोंदी सातशेच्या आसपास थांबतात, काही तेराशेच्या पुढे जातात. त्या दुपारी होल्डात आणि धक्क्यावर रोजंदारीनं किती हमाल होते, याची यादी मुकादमाकडे असायची, आणि मुकादम धक्क्यावरच होता.